विश्लेषण : मानसिक रुग्णाची काळजी घेणाऱ्या कुटुंबाला कायदा काय देतो?

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात रुग्ण बहुतांश काळ घरीच असतो. औषधांच्या वेळा, अचानक वाढणारा त्रास, सुटलेली नोकरी हे सारे आई-वडील, जोडीदार किंवा भावंडे सांभाळतात. त्यांना आधार कुणाचा?

काळजीवाहक म्हणजे कोण?
मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णासोबत राहून त्याची जबाबदारी घेणारी व्यक्ती. मग ती नातेवाईक असो वा पगारी. पुण्यातील स्वमदत गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि काळजीवाहकाला ‘शुभंकर’ म्हणतात.

निर्णयात स्थान आहे?
आहे. रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळात रुग्ण, काळजीवाहक किंवा त्यांच्या संस्थांमधून दोन सदस्य घ्यावे लागतात. मात्र उपचारांबाबत आपला प्रतिनिधी कोण, हे ठरवण्याचा हक्क रुग्णाचाच आहे.

आर्थिक मदत मिळते?
दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे; पण सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. म्हणजे योजना निघाली, तरच पैसे.

मग आधार कुठे?
बराचसा कुटुंबांच्या गटांत. पुण्यातील ‘सा’ ही संस्था डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये सुरू केली. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. समुपदेशकाशी बोलायचे असल्यास ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे. नातेवाईकही तेथे फोन करू शकतात.

पुढे काय?
मंडळावर बोलणारा शुभंकर आधी संघटित हवा. असे गट मोठ्या शहरांपुरतेच राहिले, तर कायद्याने दिलेली खुर्ची गावाकडच्या कुटुंबांपर्यंत पोहोचणार नाही.