बीबीए-बीसीएची सीईटी : शंभरात चाळीस मार्क इंग्रजीचे, गावाकडची पोरं अडतात शब्दांना

बारावीनंतर बीबीए नाहीतर बीसीए करायचं, हे आता तालुक्यातल्या कॉमर्स-आर्ट्सच्या पोरांमध्येही सर्रास ऐकू येतं. पण बारावीचे मार्क घेऊन कॉलेजात गेलं आणि फॉर्म भरला, हे दिवस संपले. 2024-25 पासून बीबीए, बीसीए, बीएमएस, बीबीएम या अभ्यासक्रमांना राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा लागते. हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले, तेव्हापासून हा बदल झाला.

पहिल्याच वर्षी काय झालं ते आठवून बघा. अशी परीक्षा असते हेच बऱ्याच घरांत माहीत नव्हतं. परीक्षा देणारे कमी आणि जागा जास्त, अशी गत झाली. शेवटी त्याच वर्षी दुसऱ्यांदा सीईटी घ्यावी लागली. काही कॉलेजांनी तर अभ्यासक्रमाचं नावच बदललं आणि सीईटीच्या बाहेर राहिले. आता परीक्षा आहे हे बहुतेकांना कळलंय. त्यात काय विचारतात, हे मात्र अजून नीट पोहोचलेलं नाही.

पेपरचं गणित

पेपर 100 मार्कांचा, वेळ 90 मिनिटं, सगळं कॉम्प्युटरवर. त्यात इंग्रजी भाषेला 40 मार्क, रिझनिंगला 30, सामान्य ज्ञानाला 15 आणि कॉम्प्युटरच्या प्राथमिक माहितीला 15. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. एका प्रश्नाला सरासरी 54 सेकंद मिळतात.

म्हणजे सगळ्यात मोठा वाटा इंग्रजीचा. वरून रिझनिंग आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्नसुद्धा इंग्रजीतच वाचायचे. ज्याला शब्द कळत नाही, त्याचं डोकं कितीही चालत असलं तरी 54 सेकंद प्रश्न समजण्यातच जातात.

मग प्रश्न येतो, की आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, तर बारा वर्षं शिकून पोरं अडतात कुठं? 'असर'च्या 2023 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातली 14 ते 18 वयाची मुलं तपासली होती. त्यात 57.3 टक्के मुलांना इंग्रजी वाक्य वाचता आलं. वाचता येणाऱ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश मुलांनाच त्याचा अर्थ सांगता आला. हिशेब केला तर शंभरातली बेचाळीस मुलं वाचूही शकतात आणि समजूही शकतात. बाकीची एकतर वाचताना अडतात, नाहीतर वाचतात पण अर्थ लागत नाही. खरी अडचण इथं आहे.

बीबीए-बीसीएचं शिक्षण इंग्रजीत असतं, त्यामुळं परीक्षेत इंग्रजी तपासणं चूक म्हणता येणार नाही. पण शहरात घरी-दारी इंग्रजी कानावर पडणारं पोर आणि वस्तीवरून एसटीनं कॉलेजला येणारं पोर एकाच रेषेवरून पळत नाही. हे अंतर परीक्षेच्या आधीच्या एक महिन्यात भरून निघत नाही.

यादी पाठ करून का जमत नाही

सध्या व्हॉट्सॲपवर हजार शब्दांची पीडीएफ फिरते. पोरं ती डाउनलोड करतात, पहिली दोन पानं घोकतात आणि सोडून देतात. नुसता शब्द आणि समोर अर्थ, असं पाठ केलेलं टिकत नाही. शिवाय एका शब्दाचे दोन-तीन अर्थ असतात. शेतकऱ्याच्या पोराला 'यील्ड' म्हणजे उत्पादन हे माहीत असतं. तोच शब्द वाक्यात नमतं घेणं या अर्थानं आला की गडबड होते. 'इंटरेस्ट' म्हणजे बँकेचं व्याजही आणि आवडही. वाक्य वाचल्याशिवाय कुठला अर्थ घ्यायचा ते कळत नाही.

एक गोष्ट मात्र पोरांच्या बाजूची आहे. समानार्थी शब्द, विरुद्धार्थी शब्द, शब्दसमूहाबद्दल एक शब्द हे प्रकार त्यांनी शिष्यवृत्ती परीक्षेत मराठीतून सोडवलेले असतात. प्रश्नाची पद्धत तीच, फक्त भाषा बदलली.

घरातच पडलेले शब्द

गावातल्या माणसाच्या तोंडात इंग्रजी शब्द कमी नाहीत. पीक विम्याचा 'क्लेम', 'प्रीमियम', अर्ज 'पेंडिंग', 'रिजेक्ट', रिचार्जची 'व्हॅलिडिटी', योजनेला 'एलिजिबल'. या प्रत्येक शब्दाला धरून आणखी दोन-तीन शब्द शिकता येतात. 'व्हॅलिड'वरून 'इनव्हॅलिड', 'रिजेक्ट'च्या उलट 'ॲक्सेप्ट', 'एलिजिबल'च्या उलट 'इनएलिजिबल'. पण पुढं 'इन' लागलं की दरवेळी अर्थ उलटा होतो असं नाही. 'व्हॅल्युएबल' म्हणजे मौल्यवान आणि 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे अनमोल. परीक्षेत असल्याच ठिकाणी पोरं फसतात.

दिवसाला पाच शब्द धरले तर 300 दिवसांत दीड हजार होतात. अट एवढीच, की प्रत्येक शब्दाचं स्वतःचं एक वाक्य वहीत लिहायचं आणि तोच शब्द तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं परत बघायचा. हे अकरावीतच सुरू झालं पाहिजे. त्यासाठी महागडं पुस्तक लागत नाही. बालभारतीचं अकरावी-बारावीचं इंग्रजी 'युवकभारती' घरात असतंच, त्यातले धड्याखालचे शब्दांचे स्वाध्याय बहुतेक पोरं सोडून देतात. पुस्तक नसेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते.

पालकांनी आणि गावानं काय करायचं

आई-बापाला इंग्रजी येत नसलं तरी हरकत नाही. रात्री जेवण झाल्यावर "आज कुठले पाच शब्द झाले, अर्थ सांग बरं" एवढं विचारलं तरी पोर वही उघडतं. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात एक इंग्रजी पेपर सुरू करायला फार पैसा लागत नाही. ज्युनियर कॉलेजातल्या इंग्रजीच्या सरांनी आठवड्यातला एक तास यासाठी दिला, तर शहरातल्या क्लासची फी भरू न शकणाऱ्या पोरांना मोठा आधार होईल.

फॉर्मच्या तारखा सीईटी सेलच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघाव्यात, फॉरवर्ड मेसेजवर विसंबू नये. कॉलेजनं "आमच्याकडं सीईटी लागत नाही" असं सांगितलं, तर पदवीचं पूर्ण नाव काय आणि मान्यता कुणाची, हे फी भरायच्या आधी लेखी विचारून घ्यावं. आणि परीक्षेला बसलेल्या पोरांनी एवढं ध्यानात ठेवावं : मार्क कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.