सासूबाईंची दुसरी बोट



मागे एकदा या सदरात सहलीचे पैसे घरखर्चातून कसे बाजूला काढावेत, यावर लिहिले होते. त्यावर एका ताईंनी विचारले की, मुंबईहून जी मोठमोठी जहाजे सहलीला जातात, त्यात खरोखर असते तरी काय, आणि ते आपल्यासारख्यांच्या आवाक्यातले आहे का? प्रश्न वाचून मला हसू आले. कारण नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरात याच प्रश्नावरून भांडण पेटले होते.

भांडणाचे मूळ आमची लेक. ती कॉलेजात शिकते. तिने कुठेतरी जाहिरात पाहिली आणि आजीच्या कानाशी लागली. आमचे हे म्हणाले, "एवढ्या पैशात घराला रंग निघेल, मोरीच्या फरशा बदलून होतील." हिशोब चुकीचा नव्हता. मी बी.कॉम. झालेली, ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांवर शेरे मारणारी. मलाही तो पटला. पण सासूबाई एरवी कुठल्याच खर्चात बोलत नाहीत, त्या मध्येच म्हणाल्या, "ह्येंनी तीस वर्षां बोटी भरल्यानी. आतून कशी असता ता कधी बघूक मिळाला नाय."

माझे सासरे गोदीत होते. डॉक लेबर बोर्डाचा बिल्ला होता त्यांचा. इंदिरा गोदीत (ती १९१४ साली सुरू झाली तेव्हा तिचे नाव अलेक्झांड्रा डॉक होते) पाठीवरून पोती वाहिली, पुढे क्रेनखाली उभे राहून माल लावला. सासूबाई कधीकधी डबा घेऊन ग्रीन गेटपर्यंत जात. आत सोडत नसत. गेटच्या बाहेर फुटपाथवर बसायचे, भोंगा झाला की ते बाहेर यायचे, तिथेच जेवायचे. भिंतीवरून जहाजाचे धुराडे तेवढे दिसायचे. सासरे जाऊन आता अकरा वर्षे झाली.

त्यानंतर रंगाचा विषय मागे पडला. माझी भिशी लागायची होती, ती धरून आणि यांच्या पतपेढीतले थोडे काढून आम्ही चौघांनी जायचे ठरवले. मुंबई, गोवा आणि परत, दोन रात्री.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येते. जाहिरातीत जो आकडा असतो तो पुरा आकडा नसतो, हे आधी लक्षात घ्या. तो बहुधा एका खोलीत दोघे राहणार असे धरून माणशी लिहिलेला असतो. त्यावर बंदराचे शुल्क, नोकरवर्गाची बक्षिशी म्हणून सेवाशुल्क आणि जीएसटी चढतो. खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला मात्र पुष्कळदा कमी पडते. तेव्हा एजंटाला फोन करून एकच वाक्य विचारायचे, "सगळे धरून चौघांचे किती?" आम्हाला सगळे मिळून ऐंशी हजारांच्या घरात पडले. कुटुंबाच्या एका वर्षाच्या हौसेचे पैसे म्हणा. मी हे स्वस्त आहे असे कुणाला सांगणार नाही.

खोल्यांना जहाजावर केबिन म्हणतात. सगळ्यात स्वस्त ती आतली, तिला खिडकीच नसते. त्यावर काचेच्या बंद खिडकीची, मग गॅलरीची, आणि सगळ्यात वर श्रीमंतांची. आम्ही अर्थातच आतली घेतली. मला धास्ती होती की कोंडल्यासारखे होईल. पण आपण चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात-सात जणांनी संसार केले, आपल्याला कोण कोंडणार? खाली दोन पलंग, आणि भिंतीतून उघडणारे वरचे दोन, त्यांना शिडी. लेक वर चढली ती उतरेचना. कपाट, आरसा, न्हाणीघर, सगळे एवढ्याशा जागेत इतके बेताने बसवलेले की आमचे हे अर्धा तास नुसते दारे उघडून बघत होते. संडासाचे बटण दाबले की मोठ्ठा आवाज होऊन हवेने सगळे खेचले जाते. पहिल्या वेळी सासूबाई घाबरून बाहेर आल्या. एक सांगून ठेवते, ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची खोली मागावी. पाळणा टोकाला जास्त हलतो, मध्ये कमी, तसेच हे आहे. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखही असतात, त्यामुळे डोलणे कमी होते.

निघण्याच्या दिवशी बॅलार्ड पिअरला पोहोचलो. सामान यंत्रातून गेले आणि सासूबाईंची पिशवी बाजूला काढली. आत सुकटीच्या चटणीची बाटली! घरचे शिजवलेले अन्न आत नेता येत नाही, हे मी सांगितले होते. पण ऐकतील त्या सासूबाई कसल्या? बाटली तिथेच राहिली. त्यांचे तोंड उतरले. मग गळ्यात अडकवायला प्रत्येकाला एक कार्ड मिळाले. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि आत काही विकत घेतले तर तेच पैसे. सासूबाईंनी ते हातात धरून उलटसुलट पाहिले आणि विचारले, "ह्या दाखवला काय आत सोडतत?" मी हो म्हटले. त्या काही बोलल्या नाहीत. पण जहाजाच्या पुलावर चढताना त्यांनी ते पदराबाहेर काढून समोर धरले होते, कुणी मागितले नसतानाही.

चढल्यावर सर्वांना सुरक्षिततेची तालीम करावी लागते. सात लहान भोंगे आणि एक लांब झाला की आपापल्या ठरलेल्या जागी जमायचे, लाइफ जॅकेट कसे घालायचे ते बघायचे. पुष्कळ लोक तेव्हा हसतात, फोटो काढतात. तसे करू नये. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा सर्वांना पुरतील एवढ्या होड्या नव्हत्या, दीड हजार माणसे गेली. त्यानंतर १९१४ साली देशोदेशींनी मिळून हे नियम बांधायला घेतले. आणि लांब कशाला जायचे? आपल्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली, सहाशेवर माणसे गेली. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ते नाव अजून आहे. सासूबाईंनी तालीम सगळ्यांत लक्ष देऊन पाहिली.

त्यांची ही पहिली बोट नव्हे, हे सांगायचे राहिले. १९६९ साली लग्न होऊन त्या विजयदुर्गाहून कोकण बोटीनेच मुंबईला आल्या. त्या काळी कोकणच्या किनाऱ्याला मुंबईचा खरा रस्ता म्हणजे समुद्र. बोट लांब उभी राहायची, पडावातून जायचे, हेलकावे खात वर चढायचे. पावसाळ्यात बोटी बंद. वर श्रीमंतांचा क्लास, खाली डेक. डेकवर ज्याने त्याने वळकटी पसरायची. सासूबाईंनी आपली वाकळ पसरली. शेजारच्या बाईने गोड आवाजात विचारले, "कोणाची गो तू? खयच्या वाडीतली?" नव्या नवरीने खरे ते सांगितले. बाईने आपली वळकटी उचलली आणि पलीकडे नेली. बोलली काही नाही. सासूबाईंनी भाकरी आणि सुकट समुद्राकडे तोंड करून खाल्ली, पाठ माणसांकडे. ही गोष्ट मला लग्नाला वीस वर्षे झाली तरी माहीत नव्हती. ती मला या जहाजावर, जेवणानंतर कळली.

जेवणाचे दोन प्रकार असतात. एक, आपण ताट घेऊन फिरायचे आणि हवे ते वाढून घ्यायचे. दुसरे, मोठ्या दालनात ठरलेल्या वेळी बसायचे आणि वाढपी आणून देणार. हे दोन्ही साधारणपणे भाड्यात धरलेले असते. काही खास उपाहारगृहे असतात, तिथे वेगळे पैसे. आत शिरताना एवढे विचारून घ्यावे. शाकाहारी, मांसाहारी, जैन अशी सोय असते, आणि आमच्या वेळी भात-आमटीपासून मैद्याच्या लांबट शेवयांपर्यंत सगळे होते. ताटात भरपूर वाढून घेऊन निम्मे टाकणारी माणसे पाहिली आणि जीव तुटला. समुद्रात भाजीचे दुकान नाही. जे काही लागते ते बंदरावरूनच भरून न्यावे लागते. पाणी मात्र जहाजावर बनवता येते. समुद्राचे पाणी घेऊन त्यातले मीठ काढणारी यंत्रे असतात. सासूबाईंचा पहिला प्रश्न पाण्याचाच होता, एवढ्या माणसांना पाणी कुठून आणतात म्हणून.

रात्री दालनात आम्हाला सहा जणांचे टेबल मिळाले. समोर घाटकोपरचे एक गुजराती जोडपे, सासूबाईंच्याच वयाचे. काटे-चमचे मांडलेले, पांढरा रुमाल घडी घालून उभा केलेला. सासूबाई बसेनात. म्हणाल्या, "मी मागसून जेवतंय." घरातही त्या शेवटीच जेवतात, मला वाटले ती सवय. लेकीने हात धरून बसवले. वाढप्याने विचारले, "आजी, मासे आवडतात ना?" सुरमई आली. सासूबाईंनी काटा बाजूला ठेवला आणि हाताने खाल्ली. मी इकडेतिकडे पाहिले, नंतर माझे मलाच कसेसे झाले आणि मीही हाताने खाल्ले. समोरच्या बाईंचे जैन जेवण. त्यांनी हिंदीत चौकशी केली, गाव कोणते, आडनाव काय. माझ्या हातातला घास थांबला. सासूबाईंनी आडनाव सांगितले आणि म्हणाल्या, "हम लोग बौद्ध." त्या बाई म्हणाल्या, "अच्छा," आणि विचारले, "आपके घुटने में भी दर्द है क्या? मैं देख रही थी, आप सीढ़ी पे रुक गयी." मग दोघींचे गुडघ्यांच्या तेलावर जे सुरू झाले, ते आइस्क्रीम विरघळले तरी संपेना.

खोलीवर परत जाताना सासूबाईंनी ती १९६९ ची गोष्ट सांगितली. उभ्या उभ्या, जिन्याच्या कठड्याला धरून. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "सुरमय बरी होती. मीठ कमी."

दारू आणि जुगाराचेही लिहायला हवे, कारण मुलेबाळे बरोबर असतात. अशा जहाजांवर बार असतात, पुष्कळ ठिकाणी कॅसिनोही असतो, आणि खरा पैसा तिथेच उकळला जातो. आम्ही पंचशील घेणारी माणसे, आम्हाला तिकडे जायचेच नव्हते. पण ज्यांचा पाय वळतो, त्यांच्या घरच्यांनी कार्ड आपल्याकडे ठेवावे! कार्डाने पैसे जाताना दिसत नाहीत. आम्हालाही शेवटच्या दिवशी लेकीने काढून घेतलेल्या दोन फोटोंचे बिल पाहून घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गंमत झाली. खोली साफ करणारा मुलगा आला आणि दारातच थबकला. पलंगांच्या चादरी ताठ घातलेल्या, न्हाणीघर घासून लख्ख, टॉवेल पिळून वाळत टाकलेले. सासूबाई पहाटे उठून सगळे करून बसल्या होत्या. मुलगा चिपळूणकडचा निघाला. म्हणाला, "आजी, तुम्हीच केलंत तर मी काय करू? वरचा साहेब मला विचारील ना." सासूबाई म्हणाल्या, "मग काय तू माझो संडास धुशी?" तो म्हणाला, "माझी नोकरीच आहे ती, आजी." त्यावर त्या गप्प झाल्या. मग त्याला विचारले, घरी कधी जातोस? आठ महिन्यांचे कंत्राट, मग दोन महिने सुट्टी. सुट्टीचा पगार नाही. खाली, पाण्याच्या पातळीच्या जवळ, एका खोलीत दोघे राहतात. बहिणीचे लग्न झाले तेव्हा तो समुद्रात होता. आम्हाला तो दिवसभरात दहा वेळा हसून नमस्कार करायचा, त्याच्या हसण्यामागे किती तासांची ड्युटी असते ते त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. संध्याकाळी पलंगावर टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती बसलेला होता. सासूबाईंनी तो मोडू दिला नाही, त्या रात्री लेक टॉवेलशिवाय राहिली.

सगळ्यात मोठा आनंद मात्र फुकटचा होता. पहिल्या रात्री सासूबाईंनी विचारले होते, विजयदुर्ग कधी लागेल? कुणाला नीट सांगता येईना. एका खलाशाने अंदाज दिला, पहाटे अडीच-तीनच्या सुमारास, पण बोट किनाऱ्यापासून लांबून जाते, काही दिसणार नाही. तरी त्या वरच्या डेकवर खुर्ची टाकून, शाल गुंडाळून बसल्या. मी बरोबर. थंड वारा, खाली पाण्याचा आवाज, बाकी काळोख. आमच्या दोघींच्या लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत आम्ही कधी काम हातात नसताना शेजारी बसलो होतो, मला आठवत नाही. तीनच्या पुढे दूर एक उजेड लुकलुकताना दिसला. दीपगृह असावे. विजयदुर्गाचे की देवगडचे, देव जाणे म्हणण्याची आपल्यात पद्धत नाही, म्हणून म्हणते, मला कळले नाही. सासूबाईंना शंका नव्हती. त्या उठून कठड्याला टेकल्या आणि तो उजेड मागे जाईपर्यंत उभ्या राहिल्या. गुडघे दुखत असताना.

परत आलो तेव्हा उतरताना त्यांनी चिपळूणच्या मुलाच्या हातात पन्नासाची नोट कोंबली. लेक म्हणाली, "आजी, इथे नोटा चालत नाहीत." सासूबाई म्हणाल्या, "त्येच्या गावाक चालतत." कार्डे आत परत घेत नाहीत, ती आपल्याकडेच राहतात. सासूबाईंचे कार्ड सध्या सासऱ्यांच्या फोटोखाली, बिल्ल्याच्या खिळ्याला लटकते आहे.

गल्लीत आता चौकशी करणाऱ्या बायकांची रांग लागली आहे. त्यांना सासूबाई खोलीची, हत्तीची, सुरमईची सगळी माहिती देतात, संडासाचा आवाज काढून दाखवतात. काल रात्री मात्र जेवता जेवता भिंतीकडे बघत यांना म्हणाल्या, "घराक रंग कधी काढतलंय रे? पोपडे पडतत आमटीत."