हरलेल्या मुलाला बोलू द्या

पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ चौघेजण पैसे लावून पत्ते खेळताना दिसले, तर पोलीस त्यांना वॉरंटशिवाय पकडू शकतात. १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने तो अधिकार दिला आहे. मात्र निव्वळ कौशल्याच्या खेळाला त्याच कायद्याने मोकळं ठेवलं. पुढे मोबाइल कंपन्या याच दारातून आत आल्या. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही फँटसी क्रिकेट हा कौशल्याचा खेळ मानला.

सरकारचे हातही कोरडे नाहीत. जुगार हा व्यापारच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात सांगितलं. तरी १९६९ पासून महाराष्ट्र राज्य लॉटरी चालू आहे. मटक्याचा आकडा लावला तर गुन्हा, सरकारी तिकीट घेतलं तर महसूल! हे मला पटत नाही.

कुरआनात दारू आणि जुगार यांचा उल्लेख एकत्र येतो. महाड-पोलादपूरच्या मोहल्ल्यांत हे लहान मुलालाही माहीत असतं. पण नुसतं ‘हराम’ म्हणून आपण थांबतो, तेव्हा हरलेला मुलगा तोंड उघडत नाही. वडिलांनी आखातातून पाठवलेले पैसे गेले, हे तो आईला कसं सांगणार? मग तो कर्ज देणारं ॲप उघडतो आणि एक खड्डा बुजवायला दुसरा खणतो.

म्हणून २०२५चा ऑनलाइन गेमिंग कायदा आपण समजून घ्यायला हवा. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा, या कायद्याने त्यावर बंदी घातली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. कायदा त्याला गुन्हेगार ठरवत नाही, मग घराने आणि जमातीने तरी का ठरवावं?

मित्रांनो, कुणी फसला असेल तर व्यवहारांच्या नोंदी आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला सांगा. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर लगेच करा. जमातीच्या जबाबदार मंडळींना माझी विनंती आहे, जुम्म्याच्या बयानात जुगाराचा विषय निघेल तेव्हा हा क्रमांकही सांगा. आणि मत मागायला येणाऱ्यांना आपण विचारू या, सरकारी लॉटरी कधी बंद करणार?