गोळी फुकट, पण घ्यायची कुणासमोर?

समजा, बिबवेवाडीत कॉट बेसिसवर तिघं राहतात. एकाच्या बॅगेत गोळ्यांची बाटली दिसते. ‘कसल्या रे?’ एचआयव्हीसोबत जगणाऱ्या मुलाला हा प्रश्न गोळीपेक्षा जड जातो.

औषध आता सोपं झालंय. १ एप्रिल २००४ पासून सरकार एआरटी मोफत देतं. पुण्यात ससूनमध्ये एआरटी केंद्र आहे. बहुतेकांना डोल्युटेग्राविर असलेली रोज एकच गोळी पुरते. मग खाडे का पडतात? शिफ्ट, प्रवास, केंद्रावर जाताना बुडणारी रोजी, दारू, नैराश्य. आणि ‘कुणी पाहिलं तर?’ ही धास्ती.

खाडे वाढले की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. उलट नियमित गोळीने तो रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही पसरत नाही.

एचआयव्हीमुळे कुणाला खोली नाकारायला २०१७च्या कायद्याने मनाई आहे. रूममेटच्या नजरेवर मात्र कायदा चालत नाही; ती आपणच बदलायची. कुणाची बाटली दिसली तर लेबल वाचत बसू नका. वेळ टळत असेल तर एवढंच विचारा, ‘गोळी घेतलीस का?’