होमर कुणाच्या मालकीचा?

मूळ ग्रीक-लॅटिन येत नसेल तर त्या संस्कृतीचा अभ्यास व्यर्थ आहे, असे सांगणारे पंडित आजही भेटतात. वारणानगरात इंग्रजी विषय घेतलेला शेतमजुराचा मुलगा अ‍ॅरिस्टॉटल वाचणार तो इंग्रजी अनुवादातूनच. मग त्याने वाचूच नये काय? हा युक्तिवाद आम्हाला नवा नाही. भाषेचे कुलूप लावून ज्ञानाची कोठी बंद ठेवणे हा या देशातला जुना धंदा आहे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली, हे आम्ही विसरलेलो नाही.

महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’च्या (1873) आरंभीच होमरचे वचन आहे, आणि ते इंग्रजीत आहे. ‘ओडिसी’त ते युमेअस या डुकरे राखणाऱ्याच्या तोंडी येते. लहानपणी पळवून विकलेला हा गुलाम. जोतिरावांनी होमरकडून राजांचे पराक्रम घेतले नाहीत. गुलामी माणसाचे सत्त्व कसे हिरावते, ते घेतले.

बाबासाहेबांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये रोमच्या प्लेबियनांचा दाखला दिला. त्यांना आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळाला. पण बाबासाहेबांच्या मांडणीनुसार त्याला देवीचा कौल लागे आणि पुजारी पॅट्रिशियनच! धर्मसत्ता वरच्यांच्या हाती राहिली तर राजकीय हक्क पोकळ ठरतो, हा धडा त्यांनी आपल्यासाठी काढला. त्याच ग्रंथात माणसांचे तीन वर्ग पाडणाऱ्या प्लेटोलाही त्यांनी सोडले नाही.

अर्थात अनुवाद डोळे झाकून वाचू नये. ग्रीक ‘डूलोस’ म्हणजे गुलाम. बायबलच्या 1611 च्या इंग्रजी अनुवादात बहुतेक ठिकाणी त्याचा ‘सर्व्हंट’ म्हणजे नोकर झाला. एका शब्दाने बेडी झाकली! म्हणून दोन अनुवाद शेजारी ठेवून वाचावेत. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असे अ‍ॅरिस्टॉटल सांगू लागला की शेजारी मनुस्मृती उघडावी. दोघांचा मालक एकाच भाषेत बोलतो, हे लगेच कळेल.

पण इंग्रजी हेही आमच्या असंख्य मुलांसाठी दुसरे कुलूपच आहे. 1998 मध्ये वारणा खोऱ्यातील 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प आला, तो उसाचा हिशेब शेतकऱ्याला गावातच मिळावा म्हणून. उसाचा हिशेब गावात मिळू शकतो, तर सॉक्रेटिस का मिळू नये? विद्यापीठांनी हे ग्रंथ सोप्या मराठीत, स्वस्तात द्यावेत. आमच्या शिकलेल्या तरुणांनीही सरकारची वाट न पाहता विहारातल्या वाचनालयात ते वाचून दाखवावेत. होमर कुणाच्या मालकीचा नाही. जो वाचतो त्याचा आहे.