भोरड्यांचा हिशेब

आमच्या एका सभासदांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात. यंदा गणपतीस ते हिवरा आश्रमी आले असता तिकडील एक चाल त्यांनी बैठकीत सांगितली. तेथे हमिंगबर्ड नावाचे पाखरू आहे. त्याची जी जात पूर्वेकडील प्रांतांत आढळते तिचे वजन सुमारे ३ ग्रॅम, म्हणजे देशी हरभऱ्याचे पंधरा-सोळा दाणे तराजूत टाकावे तेवढे. थंडीपूर्वी हे पाखरू दक्षिणेस निघते आणि त्यांतील पुष्कळ पाखरे मेक्सिकोच्या आखातावरील सुमारे ८०० किलोमीटरांची वाट कोठेही न टेकता तोडतात. ह्या प्रवासाची शिदोरी त्यांस अंगात साठविता यावी म्हणून लोक परसात बाटल्या टांगतात, चार भाग पाण्यास एक भाग साखर ह्या मानाने सरबत भरतात, आणि खिडकीशी बसून कोण केव्हा आले व केव्हा गेले ह्याची टिपणे ठेवितात.

हे ऐकून एका वृद्ध कास्तकारांनी विचारले, "ते पाखरू पीक कोणाचे खाते?"

"कोणाचेच नाही, काका."

"मग साखर घालायला काय जाते!"

ह्या उत्तरावर सर्वजण हसले. परंतु आम्हांस त्यातच विचार करण्याजोगे पुष्कळ आढळले. निरुपद्रवी पाहुण्याचे कौतुक कोणीही करील. आपल्या शिवारात ह्याच ऋतूत जो पाहुणा उतरतो तो पीक खातो, आणि म्हणूनच त्याच्याकडे डोळे उघडून पाहण्याची गरज आपणांस अमेरिकेतील मंडळींपेक्षा अधिक आहे.

हमिंगबर्ड आपल्या देशात नाही. जास्वंदीवर व कण्हेरीवर चोच खुपसणारा चिमुकला चकचकीत पक्षी दिसतो तो शिंजीर. त्याचे कूळ निराळे असून तो फार दूर जात नाही. आपला शरद ऋतूतील खरा प्रवासी म्हणजे भोरडी. डोके, गळा, पंख व शेपूट काळी, पाठ व पोट फिकट गुलाबी. बरोबरची नवी पिल्ले मात्र मातकट, इतकी की पुष्कळांस ती निराळीच जात वाटते. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या गवताळ प्रदेशात उन्हाळ्याच्या आरंभी ही पाखरे दगडांच्या कपारींत घरटी करितात व पिल्ले उडती झाली की लगोलग आपल्याकडे निघतात. श्रावण-भाद्रपदापासून पुढे त्यांचे थवे वाढत जातात व चैत्रात ती परततात. म्हणजे वर्षाचा अधिक भाग त्यांचा मुक्काम आपल्याच देशात असतो. त्यांस परदेशी म्हणावे की माहेरवाशीण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नुकसानीची बाजू प्रथम मांडतो, कारण ती लपवून भोरडीची वकिली करणे हा कास्तकाराशी अप्रामाणिकपणा होईल. ज्वारीचा दाणा चिकात आल्यापासून टणक होईपर्यंतचे सुमारे तीन आठवडे धोक्याचे. सकाळी ऊन पडण्याच्या सुमारास थवा झाडावरून उठतो, बहुधा झाडाजवळच्या कडेच्या तासांवर प्रथम उतरतो, आणि हाकारले की समोरच्या धुऱ्यावर बसून राखणदाराची पाठ वळण्याची वाट पाहतो. ज्यांनी लहानपणी मचाणावर बसून गोफण फिरविली आहे त्यांस हे सांगावयास नको. आज त्या मचाणावर बसावयास माणूस मिळत नाही आणि मिळालाच तर त्याची मजुरी ज्वारीच्या भावास परवडत नाही.

आता जमेची बाजू. प्रजननाच्या काळात भोरडीचे व तिच्या पिल्लांचे मुख्य अन्न टोळ व नाकतोडे हे होय. चीनमधील शिंच्यांग प्रांतात टोळांच्या बंदोबस्तासाठी १९८०च्या दशकापासून दगडांचे ढीग रचून व घरटी बांधून देऊन ह्या पाखरांस मुद्दाम वस्तीस बोलाविले जाते. म्हणजे ज्या पाखरावर आपण दगड भिरकावितो त्याच्यासाठी तेथे दगड रचून ठेवितात! अर्थात येथेही अतिशयोक्ती नको. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत टोळधाड उतरली तेव्हा भोरड्या केव्हाच परत गेल्या होत्या. त्या आपल्या मदतीस आल्या नाहीत. परंतु हिवाळ्यात हरभऱ्याच्या शेतात मैना, कोतवाल व बगळे ह्यांच्याबरोबर त्याही उतरतात व अळ्या टिपतात. घाटेअळीसाठी शेतात पक्षिथांबे रोवावेत अशी कृषी विद्यापीठांची शिफारस आहे, ती ह्याच निरीक्षणावर आधारलेली. एकरी आठ-दहा काठ्या रोवण्यास खर्च तो काय! पुढे फाल्गुनात पळस, पांगारा व काटेसावर फुलली म्हणजे ह्याच भोरड्या हमिंगबर्डाप्रमाणे मध पिण्यास लोटतात आणि कपाळ परागांनी माखून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. डॉ. सालिम अली ह्यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभीच फुले व पक्षी ह्यांच्या ह्या देवघेवीवर लिहिले होते. साखरेची बाटली टांगण्याचे आपणांस कारण नाही. धुऱ्यावरचा पळस तोडला नाही म्हणजे झाले. तोच आपण सरपणासाठी व ट्रॅक्टर वळावा म्हणून सरसकट तोडीत आलो आहोत, हे मात्र खेदाने नमूद केले पाहिजे.

तथापि आमच्या मते खरी अडचण भोरडी वाढली ही नसून ज्वारी आटली ही आहे. १९९०नंतर वऱ्हाडात सोयाबीन पसरले तशी खरीप ज्वारी मागे हटली. पूर्वी सबंध शिवार ज्वारीचे असे. हजार पाखरे उतरली तरी प्रत्येकाच्या वाट्यास ओंजळभर तोटा येई व कोणी तो हिशेबात धरीत नसे. आता दहा सोयाबीनवाल्यांत एकजण घरच्या भाकरीसाठी व कडब्यासाठी एकरभर ज्वारी पेरतो आणि साऱ्या पंचक्रोशीचे थवे त्याच्या एकट्यावर येतात. पुढील वर्षी तोही पेरीत नाही. मग जो उरला त्याचे हाल दुप्पट. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. ज्वारीच्या गुणांवर व्याख्याने पुष्कळ झाली. ती राखावी कोणी, ह्याचा उलगडा एकाही व्याख्यानात आमच्या कानी आला नाही.

आमच्याकडे आलेल्या तक्रारींत कोणी फटाके सुचवितात, कोणी जाळी, आणि एकांनी तर विषाची गोष्ट काढली. विषाविषयी एवढेच सांगतो की १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्या दाण्याने भोरडीआधी शेजाऱ्याची कोंबडी व धुऱ्यावरचा मोर मरेल. फटाक्याने थवा उठतो खरा, पण तो शेजारच्या ज्वारीवर बसतो. म्हणजे आपले संकट आपण भावबंदाच्या शेतात ढकलले इतकेच.

उपाय एकट्याचा नाही, मिळून करण्याचा आहे. रब्बी ज्वारी पेरू इच्छिणाऱ्यांनी ती विखुरलेली न पेरता लगतच्या शेतांत, एकाच आठवड्यात पेरावी. दाणा एकदम चिकात येईल व एकदम टणक होईल. थवा वाटला जाईल, आणि तीन आठवड्यांची राखण पाळीपाळीने करिता येईल. झाडाजवळच्या कडेचे दोन तास पाखरांचे म्हणून आधीच सोडावेत, कारण ते तसेही जातातच. मनाने दिले तर निदान जीव जळत नाही. ओसरीस चार कणसांची जुडी टांगण्याची आपली जुनी रीत आहे, तीच थोडी मोठी केली असे समजावे.

असे केल्याने पाखरे सोकावतील व मुक्काम लांबवितील, अशी शंका काहींनी घेतली. अमेरिकेतही बाटल्यांविषयी हीच शंका निघते. परंतु दिवसाची लांबी बदलली की प्रवासी पाखरू निघते, बाटली भरलेली असो वा रिकामी. भोरडीही आपल्या काटेसावरीस धरून वैशाखापर्यंत बसलेली कोणी पाहिली नाही.

सामाईक पेरणीस तयार असलेल्यांनी आपले गट क्रमांक घटस्थापनेपर्यंत कार्यालयात कळवावेत. त्याबरोबर आणखी एक विनंती. यंदा पहिला थवा कोणत्या तारखेस दिसला, कोणत्या पिकावर उतरला व किती वेळ होता, हे कागदावर लिहून द्यावे. सायंकाळी कोराडी धरणाच्या काठी गेल्यास बाभळींवर उतरण्यापूर्वी थवा आभाळात कसा धुरासारखा वळतो व आकसतो, तेही मुलांना नेऊन दाखवावे. त्यास साखर लागत नाही. कार्यालयातील वहीत ह्या हंगामाची आजवर एकच नोंद आहे, आणि ती आमचीच आहे.