परीक्षानळीवाचून विज्ञान

घरशिक्षण म्हणजे मुलाला शाळेत न घालता पालकांनी स्वतःच्या जबाबदारीवर घरी शिकवणे. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या रायगडच्या किनारपट्टीवर खाडी आणि खाजण हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे अशा शिक्षणात विज्ञान आणि निसर्गाभ्यास हाताने करून शिकण्याला साहजिकच पहिले स्थान मिळते. आक्षेपकांचा राग नेमका त्यावरच असतो.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शंखशिंपले गोळा करणे म्हणजे विज्ञान नव्हे. विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, ती घरी नसते, सबब घरी विज्ञान नसते. शिवाय मूल एकलकोंडे होते, कायदा आडवा येतो, पुढे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि हे सारे सुखवस्तूंचे खूळ आहे. पुरावा मागायचा तो फक्त समोरच्याकडे, हा या मांडणीचा अलिखित नियम दिसतो.

किरकोळ आक्षेप आधी निकालात काढता येतात. गावच्या पोरांत खेळायला शाळेचा दाखला लागत नाही. कायद्याची बाजू संदिग्ध आहे हे खरे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १० मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य ठरवते, पण त्यासाठी पालकाला शिक्षा सांगत नाही, आणि घरशिक्षणाचे नावही कायदा घेत नाही. प्रमाणपत्राचे म्हणाल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा १४ वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला शाळेत न जाता देता येते.

उरतो प्रयोगशाळेचा आक्षेप. जिच्या नावाने एवढा गजर चालतो ती शालेय प्रयोगशाळा अनेकांच्या आठवणीत आहे ती अशी: कुलूपबंद कपाट, शिक्षकांनी टेबलावर करून दाखवलेला प्रयोग, आणि साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या क्रमाने फळ्यावरून उतरवलेली प्रयोगवही. प्रयोग फसला तरी अनुमान फसत नाही, कारण ते आधीच लिहून झालेले असते. याला विज्ञान म्हणायचे आणि खाडीत काठी रोवून पाणी मोजणाऱ्या मुलाला हौशी म्हणायचे, हा न्याय अजब आहे.

अलिबागचाच इतिहास या आक्षेपाला उत्तर देतो. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी धोक्यात आली, आणि १९०४ मध्ये ती अलिबागला हलवण्यात आली. दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळतात का हे पाहण्यासाठी दोनेक वर्षे दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली गेली. थोडक्यात, विज्ञानाने शहर सोडून हा किनारा निवडला तो शांततेसाठी, आणि भरवसा ठेवला तो पडताळलेल्या नोंदींवर.

असा पडताळा मुलालाही घेता येतो. कोकण किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पण दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे हिशेब पुन्हा शून्यावरून, आणि भरती पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारत नाही. भरतीची वेळ रोज सरासरी सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरेपर्यंत चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. ठोकताळा मात्र रोज ४५ मिनिटेच धरतो. ती साचलेली तूट पंधरवड्याच्या शेवटी उघडी पडते. खुणा केलेला बांबू, घड्याळ आणि पंचांग एवढ्या साहित्यावर दहा-अकरा वर्षांचे मूल ही तफावत शोधू शकते. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरकही त्याच बांबूवर दिसतो. इथे अनुमान फळ्यावर आधी लिहिलेले नसते.

खाडीचे लिटरभर पाणी आटवून मागे उरलेले मीठ तोलता येते. समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असते. पावसाळ्यात खाडीत ते कमी का भरते, हा प्रश्न मग आपोआप येतो. खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, उघाडीचे दार भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटीला उघडते. दाबाचा याहून स्वच्छ पाठ परीक्षानळीत सापडणार नाही.

हा वाद नवा नाही. शाळेत हस्तोद्योगातून शिकवण्याचा प्रयोग झाला तेव्हा, टकळीवर सूत काढणे म्हणजे शिक्षण का, असा खडा सवाल विचारला गेला होता. विचारणाऱ्यांनी टकळी हद्दपार केली, पुस्तक ठेवले, आणि मुलांना हाताने काही करता येत नाही अशी तक्रारही पुढे त्यांनीच केली.

तरीही घरशिक्षणाच्या बाजूने एवढेच म्हणता येते: तारीखवार नोंदवही, रोजचे एक मोजमाप, जाणत्या कोळ्याची किंवा आगऱ्याची सोबत, आणि चुकलेला अंदाज न खोडण्याची सवय, इतके असेल तर घरी विज्ञान होते. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक वर्गांसाठी केलेली पुस्तकेही अशाच साध्या साहित्यावर उभी आहेत. पालकाला वेळ हवा, ही अट खरी आहे. मासेमारीवर पोट असलेल्या घराला तो परवडेलच असे नाही. सूक्ष्मदर्शक आणि रसायने यांसाठी पुढे कुणाचे तरी दार ठोठावावे लागतेच. आणि उधाणाची मोठी ओहोटी इथे पहाटे-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलालाही ती मोकळीच आहे.

तेव्हा प्रश्न घर की शाळा हा नाही. ज्या वहीत एकही चूक सापडत नाही, ती घरची असो वा शाळेची, विज्ञानाची नव्हे.